तिकीट कापू नका, पाकीट ठेवा

रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आणि तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे गळे काढणं चाललंय त्याचा मला आता खरंच वैताग आलाय. लाल पेटीचे फोटो काय, पोस्टमनकाकांच्या आठवणी काय. मी फक्त एवढंच विचारलं की कुणाकडे रजिस्टरचं एखादं जुनं पाकीट आहे का, पोचपावतीसकट, तर एकाकडेही नाही! वर पुण्याच्या चुलतभावाचं उत्तर, "तू तिकडे अमेरिकेत बसून गोऱ्यांची पाकिटं जमव, आमच्या पोस्टाचं आम्ही बघून घेऊ."

हो, जमवतो. आणि का जमवतो ते आज सांगतोच.

अमेरिकेची पहिली देशभर चालणारी तिकिटं 1 जुलै 1847 ला निघाली. 5 सेंटचं तपकिरी, त्यावर बेंजामिन फ्रँकलिन, आणि 10 सेंटचं काळं, त्यावर वॉशिंग्टन. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र 300 मैलांच्या आत जाणार असेल तर 5 सेंट, त्यापुढे 10. कडेला दाते नाहीत, कात्रीने कापून द्यायचे. आणि तिकीट लावायची सक्ती नव्हती, बरेच लोक सरळ नॉटपेड पाठवायचे, पैसे घेणारा देईल. चार वर्षांनी, 1 जुलै 1851 ला, ही तिकिटं बाद झाली. म्हणजे त्या चार वर्षांत कुणीतरी आधी पैसे भरून तिकीट लावलं, ते पत्र पोचलं, आणि पोचल्यावर कुणी फेकलं नाही, एवढं सगळं जमून आलं तेव्हा ते आज माझ्या हातात येतं.

सुटं तिकीट मी घेतच नाही. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, बशीत पाणी घ्या, तिकीट भिजवा, सुटं झालं की वहीत चिकटवा आणि कागद फेकून द्या. अरे, सगळी गंमत त्या कागदावर आहे! 10 सेंटचं तिकीट तिरकं कापून अर्धं 5 सेंट म्हणून लावायचे तेव्हा. तो अर्धा तुकडा सुटा असेल तर त्याला कोण विचारतो, पण तोच मूळ पत्रावर असेल, शिक्का कापलेल्या कडेवरून खाली कागदावर उतरला असेल, तर लोक त्याचं अस्सलपणाचं सर्टिफिकेट काढतात न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनकडून आणि मग बोली लावतात.

माझ्याकडे एक पत्र आहे न्यूयॉर्कहून बॉस्टनला गेलेलं. वेगळं पाकीट नाहीच, निळसर कागदावर पत्र लिहून तोच कागद घडी घालून लाखेने बंद केलाय, कारण 1845 पर्यंत पोस्ट कागदांच्या संख्येवर पैसे घ्यायचं, पाकीट म्हणजे आणखी एक कागद, मग नियम बदलून वजनावर आला तरी लोकांची सवय सुटली नव्हती. पुढे फ्रँकलिन, त्यावर लाल शिक्का. आणि घडीच्या आत एका कडेला घेणाऱ्याने उभ्या ओळीत लिहून ठेवलंय, कुणाचं पत्र, कुठल्या तारखेचं. व्यापारी होता, असं लिहून गठ्ठे बांधून ठेवायचे ते लोक, आणि त्या गठ्ठ्यांमुळेच ही पत्रं उरली.

भाऊ लगेच म्हणाला, आपलं पेशवे दफ्तर रुमालात बांधून ठेवलंय की पुण्यात, आम्हाला काय शिकवतोस. मान्य. सरदेसायांनी त्यातले 45 खंड काढले, मला त्याचा अभिमानच आहे. पण ते दरबाराचं दफ्तर, घरचं कुठे आहे? आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हा आजोबांची पत्रं किलोवर गेली. इथेही मुलं आईबापांचं सामान एस्टेट सेलला काढतात, शनिवारी सकाळी टर्नपाइक हायवे पकडून मी त्यासाठीच जातो, पण तिथे शूबॉक्सवर निदान किंमत लिहिलेली असते. किंमत लिहिली की माणूस आत काय आहे ते बघतो तरी.

इथल्या, अमेरिकेतल्या अलेक्झांड्रिया गावचं ते निळं तिकीट घ्या. पोस्टमास्तरने स्वतःच्या गावापुरतं काढलेलं, निळ्या कागदावरचं एकच सापडलंय. ते ज्यावर लावलंय ते नोव्हेंबर 1847 मधलं प्रेमपत्र, लिहिणाऱ्याने शेवटी लिहिलंय की नेहमीप्रमाणे जाळून टाक. तिने जाळलं नाही, शिवणाच्या पेटीत ठेवलं. 1907 मध्ये मुलीला ते सापडलं आणि 1981 मध्ये त्याला 10 लाख डॉलर आले. हे वाचून ग्रुपवर सगळ्यांना फक्त 10 लाख दिसले.

आता मनातलं बोलतो. हे बॉस्टनचे व्यापारी माझे कुणी लागत नाहीत. त्यांच्या कापसाचा भाव मला पाठ आहे आणि माझे आजोबा गिरगावातून गावी काय लिहायचे ते मला माहीत नाही, माहीत होणारही नाही. इथल्या तिकीट जमवणाऱ्यांच्या क्लबात मी तिथल्या लोकांच्या आजोबा-पणजोबांच्या टपालाबद्दल बोलतो, लोक मान देतात, ऐकतात, पण पत्रावरचं आडनाव बघून "हे आमच्या गावचे" असं म्हणणारा माणूस नेहमी दुसराच असतो. तिकडे गेलो की मी अमेरिकेचा. माझं नाव आणि पुण्याचा पत्ता एकाच कागदावर असलेलं टपाल एकच, मी नव्याने इथे आल्यावर आईला पाठवलेली पत्रं. त्यावरची तिकिटं भावाच्या मुलाने कापून वहीत लावली, हौसेने, माझ्यासाठीच. परवा त्याने त्याचा फोटो पाठवला. शिक्के अर्धे कापले गेलेत, "जर्सी" दिसतंय, तारीख पाकिटाबरोबर गेली.

आईच्या ट्रंकेत अजून थोडी असतील असं मला वाटतं. दिवाळीला येतोय तेव्हा आधी ती ट्रंक उघडणार. भावाला फोन करून सांगितलंय, तोवर घर आवरू नकोस आणि रद्दीवाल्याला वर बोलावू नकोस.