हो, जाहिरातच आहे!

‘हा सिनेमा नाहीच, रेकॉर्ड खपवायची जाहिरात आहे. मोरिकोनेचं नाव जोडून तुम्ही त्याला उगाच चढवलंय,’ असं तुम्ही ‘इन जिनोक्किओ दा ते’ या १९६४च्या इटालियन सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत.

आधी संगीतकार मोरिकोनेचं, कारण तिथे मी चुकलोय. शीर्षकगीताची चाल ब्रूनो झांब्रिनीची, शब्द फ्रांको मिल्याच्चीचे. एन्नियो मोरिकोनेकडे होतं वाद्यमेळाचं संयोजन. मी ‘मोरिकोनेचं गाणं’ म्हणून मोकळा झालो. लेख दुरुस्त केलाय. पण संयोजन म्हणजे पाट्या टाकणं, असं मात्र समजू नका. त्याच १९६४ साली हा माणूस दिग्दर्शक सेर्जो लेओनेच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ या काउबॉयपटासाठी शीळ आणि चाबकाचे फटके वाजवून घेत होता.

बाकी जाहिरात? सोळा आणे मान्य. असल्या सिनेमांना इटलीत ‘मुझिकारेल्लो’ म्हणतात आणि त्या शब्दातच ‘कारोझेल्लो’ दडलाय. १९५७ ते १९७७ तिथल्या टीव्हीवर लागायचा तो जाहिरातींचा कार्यक्रम. म्हणजे तुम्ही घातलेली शिवी या सिनेमांच्या बारशातच घालून झालीय. आधी गाणं, मग त्याच नावाचा सिनेमा, गोष्ट गाण्याच्या मापाने बेतलेली. गायक व्हायची आस असलेला जान्नी नेपल्समध्ये सक्तीची लष्करी नोकरी करतोय. मारेशालोच्या, आपल्याकडचा सुभेदार म्हणा हवं तर, मुलीवर त्याचा जीव जडतो. मग याचा आगाऊपणा, तिचा रुसवा, माफीनामा. शीर्षकाचा अर्थच ‘तुझ्यापुढे गुडघे टेकून’. (ही भूमिका करणाऱ्या आणि हे गाणं गाणाऱ्या जान्नी मोरांदीला खरंखुरं लष्करी बोलावणं आलं १९६७ला. तोवर नायिका लाउरा एफ्रिकिअनशी त्याचं लग्नही झालं होतं.)

एक गाणं ऐकवून सगळं माफ, हे मलाही पचत नाही. पण गाणं नुसतं गुळमट आहे म्हणाल तर २०१९चा कोरियन सिनेमा ‘पॅरासाइट’ आठवा. दिवाणखान्यात अख्खं कुटुंब हात वर करून गुडघ्यांवर बसलंय, समोर मोबाइलवरचा व्हिडिओ पाठवून द्यायची धमकी, नंतर एकमेकांच्या झिंज्या उपटणं, आणि या सगळ्यावर मोरांदीचा आर्जवी आवाज. त्याचा दिग्दर्शक बोंग जून-होने गाण्याचं शीर्षक शब्दशः घेतलंय, असं मला वाटतं. ते गाणं ५५ वर्षांनी असं चावतं, ते मुळात इतक्या भाबडेपणाने गायलंय म्हणून.

आणि नीनो तारांतोबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत! नेपल्सच्या रंगभूमीवर मुरलेला हा नट इथे मुलीचा बाप झालाय, आणि बायकोच्या भूमिकेतली दोलोरेस पालुंबोही त्याच मुशीतली. पुन्हा बघायचा धीर झाला, तर गाणी खुशाल पळवा. पण हे नवराबायको पडद्यावर असताना बोट आवरा.