पीसीडी जुळला, तरी चाक थरथरलं

गाडीला नवीन अलॉय (मिश्रधातूची चाकं) बसवण्यावरच्या लेखातलं 'पीसीडी जुळला की अलॉय बसलाच' हे वाक्य वाचून हसू आलं. पीसीडी म्हणजे चाकाच्या नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. माझ्या क्रेटाचा पीसीडी ५×११४.३ (पाच नट, ११४.३ मिमी), नव्या अलॉयचाही तोच. पण अलॉयचं मधलं भोक ७३.१ मिमी आणि गाडीचा हब (ज्यावर चाक बसतं तो मधला गोल भाग) ६७.१! कोल्हापूरच्या दुकानदाराने मधली फट भरणारी रिंग न घालताच नट आवळून दिले. आंबा घाटात वेगच नसतो, त्यामुळे काही कळलं नाही. हातखंब्याच्या पुढे ८० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग केलं, पैसे गेले, थरथर तशीच. शेवटी रत्नागिरीतल्या एका पंक्चरवाल्या काकांनी चाक उतरवून त्या फटीत नख घालून दाखवलं. प्लास्टिकच्या चार रिंगा घातल्या, विषय संपला. (अ‍ॅल्युमिनियमच्या नकोत, आमच्या खाऱ्या हवेत त्या हबाला घट्ट चिकटून बसतात.)

टायर रुंद हवा असेल तर २१५/६० आर१७ च्या जागी २३५/५५ बघा (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते), चाकाची एकूण उंची अर्धा मिमीच वाढते. आमच्या भावोजींनी हौसेने २३५/६० चढवले. उंची २४ मिमी वाढली, आणि आता वाडीतल्या दोन गडग्यांमधून गाडी वळवताना टायर आत घासून कर्रर्र आवाज येतो. 'नवीन आहेत, घासून घासून बसतील' म्हणतात!