मालवणी ऐकली की हसू का येतं?

लालबागच्या आमच्या कट्ट्यावर काल पक्याने ठिणगी टाकली. "मालवणी भाषाच विनोदी. नुसता हेल ऐकला तरी हसू येतं. उगाच का 'वस्त्रहरण' नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले?"

बाब्या कुडाळकडचा. तो तापलाच. "आजी गेली तेवा आमच्या घरात सगळी मालवणीतच रडली. तेवा कोण हसलो?"

मी पूर्णपणे बाब्याच्या बाजूचा. बोली मुळात विनोदी नसते, दोन तऱ्हेच्या भाषा एका जागी आदळल्या की हसू फुटतं. कोकणातलं लोकनाट्य दशावतारच घ्या. राजा बोलतो ग्रांथिक, पल्लेदार, आणि तेही संहिता हातात नसताना, उभ्या उभ्या रचून. संकासुर मात्र सरळ मालवणीत. वेद चोरणारा हा काळ्या वेषातला राक्षस भटजीशी गावच्या बोलीत हुज्जत घालतो आणि देवळासमोरची गर्दी लोटपोट होते. गंगाराम गवाणकरांनी 1980 साली 'वस्त्रहरण'मधून रंगभूमीवर आणलं ते हेच: महाभारतातली माणसं, तोंडी गावची भाषा.

"समज," मी पक्याला म्हटलं, "राजा म्हणतोय, 'प्रधानजी, आज आमचे चित्त अस्वस्थ आहे.' प्रधान म्हणतो, 'महाराजांनु, पेज निवता, जेवक चला.' हसलास ना? आता राजालाही मालवणी दे. गेलं हसू. आणि उलट कर. कुडाळच्या स्वयंपाकघरात बाई म्हणाली, 'नाथ, पेज शीतल होत आहे,' तर हसं कुणाचं होईल? छापील मराठीचं!"

"आणि हेल?" पक्या हटेना.

अण्णा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "हेल परक्याच्याच कानाला टोचतो. बहिणाबाईंच्या कविता 1952 साली पुस्तकात आल्या, अस्सल खानदेशी बोलीत. त्यातलं वैधव्याचं दुःख वाचून हसलेला माणूस दाखव मला."

पक्याकडे उत्तर नव्हतं, पण मुद्दा होता. मालिकांत बोली बोलतो तो बहुतेकदा गडी, नाहीतर वॉचमन. लोकांना तीच सवय लागली, यात त्यांचा काय दोष? हे मात्र खरं, आणि मला याचाच राग येतो. वकील, डॉक्टर, प्रेमात पडलेली मुलगी, बहुतेक सगळे प्रमाण मराठीत बोलणार आणि बोली बहुतेकदा हशा पिकवायला.

"मगे हिरोक मालवणीत प्रेम करूक दिया," बाब्या म्हणाला.

"लोक हसतील रे."

"पयल्या भागाक हसतले. मगे रडतले पण."