शनिवारवाड्याशेजारी घर शाकारणे हा गुन्हा नव्हे

शनिवारवाड्याविषयी चार मुद्द्यांचा एक संदेश सध्या मोबाइलवर फिरतो आहे. इंग्रजांनी तोफा डागून वाडा जमीनदोस्त केला. तो सगळा १६,११० रुपयांत उभा राहिला होता. पौर्णिमेच्या रात्री तेथे ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते. आणि वाड्यापासून ३०० मीटरच्या आत कोणी घराचे कौल जरी बदलले, तरी दोन वर्षांची कैद होते. पहिल्या तीन मुद्द्यांकडे मी एरवी काणाडोळा केला असता. परंतु माझी मावशी वाड्याच्या तटापासून हाकेच्या अंतरावर, आजेसासऱ्यांनी बांधलेल्या घरात राहते आणि चौथा मुद्दा खरा मानून तिने यंदा पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घेतले नाही. आता माजघरात गळतीखाली दोन पातेली मांडलेली आहेत आणि तुळईच्या टोकाला बोट लावले की लाकडाचा भुगा हाती येतो.

म्हणून आधी चौथा मुद्दा. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तीनुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित असते. संदेश रचणाऱ्याने दोहोंची बेरीज करून बंदी सरसकट सर्वांच्या माथी मारली आहे. विनियमित क्षेत्रात परवानगी घेऊन नवे बांधकामसुद्धा करता येते. प्रतिबंधित क्षेत्रातही, जी इमारत १६ जून १९९२ पूर्वीपासून उभी आहे, तिच्या मालकाला दुरुस्तीसाठी आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची सोय कलम २०सी मध्ये आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ही शिक्षा कायद्यात आहे खरी, पण ती ‘बांधकामा’साठी आहे, आणि त्या शब्दाच्या व्याख्येतून असलेल्या इमारतीची दुरुस्ती स्पष्ट शब्दांत वगळली आहे. ही व्याख्या कायद्याच्या अगदी सुरुवातीलाच दिलेली आहे. संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही ती उघडून पाहिलेली दिसत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य केली पाहिजे. १०० मीटरच्या आतले घर पाडून त्या जागी नवे बांधता येत नाही, ही तिथल्या रहिवाशांची खरी अडचण आहे आणि अर्जासाठी कागद जमवणेही सोपे नाही. परंतु पडलेले घर पुन्हा उभारता येणार नसेल, तर उभे आहे ते वेळीच डागडुजी करून राखणे अधिकच निकडीचे ठरते, आणि हा संदेश लोकांना नेमके त्यापासूनच परावृत्त करतो.

तोफांचे म्हणावे, तर येरवड्याच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव निघून गेला आणि १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. वाडा जळाला तो त्यानंतर दहा वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत. लाकडी इमला भस्मसात झाला, दगडी जोती उरली. त्या वेळी वाडा इंग्रजांच्या ताब्यात होता, एवढेच खरे.

१६,११० हा आकडा खोटा नाही, पण तो १७३० ते १७३२ या काळात उभ्या राहिलेल्या पहिल्या बाजीरावाच्या वाड्याचा आहे. पुढच्या पेशव्यांनी वाढवलेले महाल त्यात येत नाहीत.

हे सगळे ऐकून घेतल्यावर मावशी म्हणाली, ‘‘अरे, मग ते हाकेचे तरी खरे असेल की!’’ अठरा वर्षांच्या नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी दिवसाढवळ्या झाला आणि त्या दिवशी पौर्णिमाही नव्हती, हे मी तिला सांगितले. इतकी वर्षे त्या तटाशेजारी झोपते आहेस, तुला कधी हाक ऐकू आली का, असेही विचारले. रात्री गाड्यांचे भोंगे ऐकू येतात, असे तिने सांगितले आणि भरलेले पातेले मोरीत रिकामे करायला ती उठली.