कस्टमरचा डावा पाय

परवा माझ्या डाव्या पायाची लेखी बदनामी झाली. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सर्विस सेंटरच्या जॉबकार्डावर, 'रिमार्क'च्या रकान्यात स्वच्छ टाईप केलंय : 'साईड स्टँड वापरण्याची कस्टमरची पद्धत चुकीची.' त्याखाली माझी सही आहे. सही केल्याशिवाय गाडी बाहेर सोडत नाहीत, म्हणून केली.

झालं होतं एवढंच, की अकरा महिन्यांची मोटरसायकल पावसात चालता चालता बंद पडते. कापूरबावडीला दोनदा, मानपाड्याला एकदा, आणि पातलीपाड्याला एकदा. पातलीपाड्याला माझ्या मागे बायको होती आणि बायकोच्या मागे कंटेनर.

दोष इंजिनात नाही. स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून या गाडीला स्टँडच्या बुडाशी एक स्विच दिलाय. त्यात स्प्रिंगवरचं करंगळीच्या नखाएवढं बटण असतं. हा स्विच कुठे बसवावा? तर पुढचं चाक जिथे चिखलाची पिचकारी मारतं, बरोब्बर तिथे, तोंड पुढे करून. बटणात चिखल गेला की ते अडकतं. गाडीला वाटतं स्टँड खालीच आहे, आणि ती भर रस्त्यात माझ्या सुरक्षेसाठी मला बंद पाडते. न्यूट्रलमध्ये मात्र सुरेख चालू राहते. म्हणजे कुठेही जायचं नसेल तर गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

या स्विचची खरंच गरज होती का? स्टँड वर करायला विसरणं हा आपला जुनाच रोग, पण त्यावर आपल्याकडे औषधही होतं. रस्त्यावरचं कुणीही, पानवाला, समोरून येणारा रिक्षावाला, बसच्या खिडकीतली बाई, जिवाच्या आकांताने ओरडायचं, "ओ भाऊ, स्टँऽऽऽड!" ज्याला रस्ता विचारला तर मान वळवणार नाही, तोसुद्धा स्टँडसाठी धावायचा. ओढणी आणि स्टँड या दोन गोष्टींत या देशात परकं कुणी नसतं. हेडलाईटचंही तसंच. 2017 च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचे दिवे कायम चालूच राहतात, तरी अजून भरदुपारी समोरून येणारा माणूस पंजा उघडमीट करून 'दिवा, दिवा' म्हणून खुणावतो. मी मान डोलावून आभार मानतो आणि दिवा तसाच चालू ठेवतो. असो. एवढी जिवंत सेन्सर यंत्रणा फुकट उपलब्ध असताना कंपनीला नखाएवढं बटण का सुचावं?

तर सर्विस सेंटर. ॲडव्हायजर पंचविशीचा, टॅब हातात घेतलेला, अतिशय नम्र. मी सांगितलं, चालती गाडी बंद पडते. त्याने लिहिलं, 'स्टार्टिंग प्रॉब्लेम.'

"अहो, स्टार्टिंग नाही. स्टॉपिंग प्रॉब्लेम."

"सिस्टीममध्ये तो ऑप्शन नाही, सर."

मग त्यांनी गाडी आत नेली आणि सगळ्यात आधी धुतली. चिखलाची तक्रार घेऊन आलेली गाडी धुवून, पुसून, मेन स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये चालू करून मला दाखवली. "ओके आहे, सर." खून झालेल्या खोलीत पोलिसांच्या आधी मोलकरीण यावी तसं.

इथे काकांचा प्रवेश झाला.

काका खरं म्हणजे आधीपासून तिथेच होते. वेटिंगच्या सोफ्यावर, एसीच्या बरोबर खाली, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि चष्म्याचं घर. सुनेची स्कूटर फ्री सर्विसिंगला आणली होती. कॉफीच्या मशीनशी त्यांचे घरोब्याचे संबंध दिसले. "साखर जास्त टाकतं ते. दोन बटणं एकदम दाबायची," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

"काय झालं गाडीला?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, स्विच, चिखल, कंटेनर. इतक्या आस्थेने तोवर कुणी विचारलंच नव्हतं. काकांनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एसटीत एकतीस वर्षं काढली मी. खोपटला. आमच्या लाल डब्याला साईड स्टँड होता का?"

"नव्हता."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मी अजून शोधतोय. तेव्हा मात्र ॲडव्हायजरने अशी मान डोलावली, की जणू मुद्दा निकालात निघाला.

"स्टँड कुठल्या पायाने काढता?"

"डाव्या. डावीकडेच असतो तो."

"टाचेने की चवड्याने?"

आता खरं सांगतो, अठरा वर्षं दुचाकी चालवतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी पायाकडे पाहिलं. पायालाही माहीत नसावं.

"करून दाखवा," काका म्हणाले.

"इथे? गाडी आत आहे."

"गाडी कशाला हवी? पाय आहे ना?"

आणि मी केलं. का केलं ते विचारू नका. एसी वेटिंग रूममध्ये, आठ-दहा माणसांसमोर, नसलेल्या मोटरसायकलवर बसल्यासारखं गुडघे वाकवून मी हवेत डावा पाय मागे मारला. दारातला सिक्युरिटीवाला एक पाऊल आत आला.

"परत."

परत मारला.

"आता पावसात मारता तसा मारा."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे चप्पल घालून. पावसात काय बूट घालता?"

मी बूट काढला नाही, एवढी अब्रू मी राखली. काकांनी कॉफीचा घोट घेतला, मशीनकडे एक नाराज नजर टाकली आणि निकाल दिला, "झटका आहे तुमच्या पायात. तुम्ही स्टँड काढत नाही. लाथ मारता."

"सगळेच तसा काढतात हो."

"दसऱ्याला गाडीला हार घालता का?"

"घालतो."

"लक्ष्मी म्हणून घालता ना? मग एक दिवस हार आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस लाथ?"

समोरच्या सोफ्यावरच्या काकू "अगदी, अगदी" म्हणाल्या. त्यांचं वाहन कोणतं, त्या कुणाबरोबर आल्या होत्या, काही कळलं नाही, पण मतदानाचा हक्क त्यांनी बजावला.

"मग काढायचा कसा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"हाताने. वाकायचं, उचलायचं. व्यायाम होतो, नमस्कारही होतो."

आणि तेवढ्यात मला टॅबवर बोटं चालल्याचा टकटक आवाज आला. इतका वेळ सिस्टीममध्ये काही ऑप्शन नसलेल्या त्या मुलाला अखेर ऑप्शन सापडला होता. 'अयोग्य वापर.'

मी वॉरंटीची पुस्तिका काढली. 5 वर्षं किंवा 70 हजार किलोमीटर, असं शोरूममध्ये पेढ्याबरोबर सांगितलं होतं. आत बारीक टाइपात लिहिलंय की पाणी, चिखल, धूळ, गंज आणि अयोग्य वापर यांमुळे झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. मी म्हटलं, "ठाण्यात वर्षाला साधारण 2500 मिलीमीटर पाऊस पडतो. इथे गाडी विकताना तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहितीये सर. मी कळव्याला राहतो."

"मग पावसात कामावर कसे येता?"

"ट्रेनने, सर."

यावर काय बोलणार? 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला पोचली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती. पोचली बिचारी. मला कासारवडवलीहून नौपाड्यापर्यंत पोचायची खात्री नाही. अर्थात तो एप्रिल होता, पाऊस नव्हता. पुस्तिकेत तेवढी पळवाट त्यांनाही मिळाली असती.

शेवटी नवीन स्विच मी स्वतःच्या पैशाने बसवून घेतला. 640 रुपये, मजुरी वेगळी. तोच स्विच, त्याच जागी, तोंड पुढे करून. वाघबीळच्या मेकॅनिकने आधीच सांगितलं होतं, "सेन्सर का लफडा है, डायरेक्ट कर देता हूं, पचास रुपया." ते केलं तर सगळ्या वायरिंगची वॉरंटी जाते म्हणे. ॲडव्हायजर आवाज खाली आणून म्हणाला, "वॉरंटी संपली की पहिलं तेच करा, सर." म्हणजे चार वर्षं एक महिना मी कंटेनरपुढे थांबायचं.

घरी येऊन कायदा वाचला. रागात माणूस वाचतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 84 सांगतं की डिझाइनमध्येच दोष असेल तर उत्पादक जबाबदार. मी टेबलावर हात आपटला. मग 'हानी' म्हणजे काय ते वाचलं. तर खुद्द त्या वस्तूचं नुकसान त्यात धरत नाहीत. गाडी सोडून माझं काहीतरी मोडायला हवं. हात, पाय, बायको. साधी सदोष वस्तूची तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही. पण पुरावा म्हणून जोडायला माझ्याकडे एकच कागद आहे, आणि त्यावर माझा पाय आहे.

विनोद करून सांगतोय खरा, पण तो कंटेनरचा हॉर्न अजून कानात आहे. बायको उतरून डिव्हायडरवर उभी राहिली. पावसात भिजत, मेट्रोच्या खांबाला पाठ लावून. घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचा रकाना कुठल्याच जॉबकार्डात नाही, आणि ज्याने चित्र काढताना तो स्विच तिथे बसवला, त्याला जुलै महिन्यात घोडबंदर रोडवर डबलसीट फिरवून आणावं एवढीच माझी मागणी आहे. व्याज नको, भरपाई नको.

काल कस्टमर केअरचा फोन आला. सर्विसचा अनुभव कसा होता, दहापैकी गुण द्या. मी सात दिले. माझ्या मते दिलदारपणे.

पाच मिनिटांत ॲडव्हायजरचा फोन. मुलगा रडवेला झाला होता. "सर, सात म्हणजे फेल असतं. दहाच द्यायचे असतात. माझा इन्सेंटिव्ह जातो, सर."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तुम्ही गाडी चालवताय का, सर? ट्रॅफिकचा आवाज येतोय. ड्रायव्हिंग करताना फोन घेऊ नका."

"नाही, बंद आहे गाडी," मी म्हटलं. कापूरबावडीच्या सिग्नलपाशी उभा होतो, पाऊस होता, आणि मागून सगळे हॉर्न देत होते. "सॉरी हं. पुढच्या वेळी दहा देतो."