पप्याची भिंत आणि मिल्याची जीभ

जुन्या वाड्याची भिंत पडल्याची बातमी टपरीवर सगळ्यांनी वाचलेली, त्यामुळे विषय काढावा लागलाच नाही. सिडकोतल्या पप्यानं मात्र मुहूर्त अचूक साधला. "2027 च्या सिंहस्थाला गच्चीवर दोन खोल्या काढतोय. खालची मधली भिंत उडवून हॉल मोठा. गवंडी म्हणाला, काही होत नाही."

"मग पंचनाम्यावर सहीही त्याचीच घेऊ," मिल्या म्हणाला.

मिल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात ड्रॉइंग काढतो. एरवी त्याला कुणी विचारत नाही, पण या विषयात आम्ही त्याला बोलू देतो.

पप्या पेटला. "आयुष्य गेलं त्या माणसाचं घरं बांधण्यात! आणि भिंत वाजवली की कळतं." त्यानं टपरीच्या पत्र्यावर टिचकी मारून दाखवली. "पोकळ वाजली, म्हणजे वर लोड नाही."

"या हिशेबानं तुझ्या डोक्यावरही लोड नाही."

शिऱ्याच्या नाकातून चहा आला.

"घर लोड बेअरिंगचं ना तुझं?" मिल्या सोडेना. "कॉलम नाहीतच त्यात. ती भिंतच स्लॅब धरून उभी आहे. काढता येते, नाही असं नाही. पण आधी स्लॅबला टेकू, मग लोखंडी बीम, आणि बीमची टोकं जिथं बसतील तिथली भिंत नि पाया तेवढं ओझं घेतात का, ते बघायचं. वर खोल्या म्हटल्यावर पाया उकरावाच लागेल. खाली काळी माती लागली तर अजून मजा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते."

"तू घाबरवतोस."

"2017 ला घाटकोपरची इमारत बसली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर फेरफारच चालू होते."

जरा शांतता झाली. ती अप्पांना सोसत नाही. "मी गच्चीवर फूटभर माती टाकून भाजी लावणार होतो रे."

"अप्पा, ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जाते. घराची खोली तेवढ्याच जागेला दोनशे किलो धरून डिझाइन करतात. तुम्ही कुंडीत मेथी लावा."

शिऱ्याला मात्र इंजिनिअर लोकांचा जुना राग. त्याच्या भावाच्या बंगल्याला एकानं घरबसल्या, बांधकाम भक्कम आहे असं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट दिलेलं, साइट न बघता. "सहीचेच पैसे घेतात हे!"

मला वाटलं, आता मिल्या अडकला. पण तो शांतपणे म्हणाला, "खरंय. म्हणून आधी विचारायचं, स्लॅब भरायच्या आधी सळई बघायला स्वतः येणार का? सळयांभोवतीच्या रिंगांचं अंतर, सळई फळीला टेकू न देणारे कव्हर ब्लॉक, सगळं बघणार का? कॉंक्रीट पडल्यावर काय दिसतंय? नाही म्हणाला तर चहा पाजून वाटेला लाव. आणि बोलवायचा तो तोडफोडीच्या आधी. आमच्याकडे लोक भेगांचे फोटो घेऊन येतात, रात्री अकराला, व्हॉट्सॲपवर."

अप्पांच्या सोसायटीला 30 वर्षं कधीच उलटली. म्हणजे इमारतीच्या मजबुतीचं ऑडिट बंधनकारक. चेअरमननं तो विषय पार्किंगच्या भांडणानंतर घेऊ असं ठरवलंय. म्हणजे कधीच नाही.

"फी किती पडेल?" पप्या हळूच म्हणाला.

"टाइल्स किती रुपयांच्या घेतल्यास?"

पप्यानं आकडा सांगितला. आम्ही ऐकून चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावले.

"त्याच्या पासंगालाही लागणार नाही फी," मिल्या म्हणाला. "बायको निवडेल त्या टाइल्सला हो म्हणतोस, आणि घर उभं राहील का हे विचारायला घासाघीस?"

"तिला मधे आणू नको."

"बरं, ड्रिल मशीनला आणतो," अप्पा एकदम उसळले. "मागच्या दिवाळीत नेलेलं, कुठंय माझं?"

पप्या गप्प.

"काय पाडलंस त्यानं?"

"एसीचा पाइप... आरपार काढायचा होता."

"कुठून?" मिल्यानं कप खाली ठेवला.

"मधल्या भिंतीतून. दोन भोकं चुकली, तिसरं बरोबर बसलं."

मग जे हसू फुटलं त्यात इंजिनिअरचा नंबर कुणी दिला, की दिलाच नाही, मला आठवत नाही. अप्पा तेवढे ओरडत होते, "अरे, पण बिट तरी शाबूत आहे का?"