खुलासा : लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका

यवतमाळ-वर्ध्याकडे जुन्या वस्तू जमवणाऱ्यांत निरोप फिरतोय, की लिंग्वाफोन कंपनीच्या भाषापाठांच्या ग्रामोफोन तबकड्यांवरची बुरशी स्पिरिटने पुसावी. हे साफ चूक आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत लाख असते, आपल्या गोंदियाकडे पळसावर येते तीच, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळते. खाचांच्या कडा गेल्या की उच्चार कायमचे खरखरले. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवा, मधला कागद भिजू देऊ नका. साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच टिपा. फोनोग्राफ या ग्रामोफोनआधीच्या यंत्राच्या, आवाज कोरलेल्या मेणाच्या नळीला मात्र पाणीही नको. ग्रामोफोनची स्टीलची सुई तबकडीच्या दर बाजूला बदला. मे महिन्यात तबकड्या टिनाच्या छपराखाली तर अजिबातच ठेवू नका, हमखास वाकतात.